जुना फ्लॅश आणि पहिला कॅमेरा: गोव्यातल्या हौशी छायाचित्रकारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चवथ जवळ आली की घरोघरच्या कपाटांतून कॅमेरे बाहेर येतात आणि त्यांच्यासोबत त्याच त्या शंकाही येतात. पप्पांच्या वेळचा फ्लॅश अजून चालेल का? दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा कॅमेरा ठेवावा की नवा मिररलेस (आत आरसा नसलेला) घ्यावा? खालची उत्तरं घरचे सण, मुंजी, बारशी, देवळातले उत्सव आणि किनाऱ्यावरचे फोटो काढणाऱ्या नवशिक्यांसाठी आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. फ्लॅश नीट वापरता आला तर जुन्या आणि नव्या कॅमेऱ्यातला बराचसा फरक पुसला जातो. फ्लॅश जिथे वापरताच येत नाही, तिथे मात्र नव्या कॅमेऱ्याला तोड नाही.

पप्पांचा जुना फ्लॅश माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर लावू का?

व्होल्टेज मोजल्याशिवाय लावू नका. फिल्मच्या कॅमेऱ्यात शटर उघडलं की धातूचे दोन तुकडे एकमेकांना टेकायचे आणि फ्लॅश उडायचा. फ्लॅशच्या पायाच्या मधल्या पिनवर दोनशे व्होल्ट असले तरी त्या पत्र्यांना काही होत नसे. डिजिटल कॅमेऱ्यात हे काम नाजूक इलेक्ट्रॉनिक सर्किट करतं आणि तेवढ्या व्होल्टेजने ते जळू शकतं.

व्हिव्हिटार २८३ हा त्या काळातला नावाजलेला फ्लॅश. जपानमध्ये बनलेल्या त्याच्या सुरुवातीच्या नगांमध्ये ट्रिगर व्होल्टेज, म्हणजे त्या मधल्या पिनवरचं व्होल्टेज, दोनशेच्या वर सापडतं, तर नंतरच्या नगांमध्ये दहाच्या आतबाहेर. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून नाव वाचून अंदाज बांधू नका. आंतरराष्ट्रीय मानकाने २४ व्होल्टची मर्यादा घातली आहे. निकॉनच्या डीएसएलआर पुस्तिकांमध्ये २५० व्होल्टपर्यंतचा उल्लेख असतो. कॅननच्या पुस्तिका मात्र जास्त व्होल्टेजचा फ्लॅश हॉट शूवर (कॅमेऱ्यावरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेवर) लावू नका असं बजावतात आणि ३००डी, १०डी यांसारख्या सुरुवातीच्या कॅनन बॉडींसाठी ६ व्होल्ट हाच सुरक्षित आकडा मानला जातो. मी सगळ्यांना ६ चाच आकडा सांगतो, कारण आज निकॉनवर लावलेला फ्लॅश उद्या भाचीच्या कॅननवर जाणारच.

मोजणं सोपं आहे. फ्लॅशमध्ये चांगले सेल घाला, चालू करा आणि रेडीचा दिवा लागेपर्यंत थांबा. डिजिटल मल्टिमीटर डीसीच्या मोठ्या रेंजवर ठेवा. लाल टोक फ्लॅशच्या पायाच्या तळाशी असलेल्या मधल्या पिनला लावा, काळं टोक कडेच्या धातूच्या पट्टीला. बोटं दोन्ही ठिकाणी एकदम लागू देऊ नका. मीटर नसेल तर कोणत्याही इलेक्ट्रिशियनकडे तो असतोच.

व्होल्टेज जास्त निघालं. आता फ्लॅश टाकून द्यायचा?

नाही. कॅमेरा आणि फ्लॅश यांच्यामध्ये बसणारे सेफ-सिंक अ‍ॅडॅप्टर मिळतात, ते व्होल्टेज कमी करतात. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. असा फ्लॅश कॅमेऱ्यावर न ठेवता लांब स्टँडवर ठेवायचा आणि दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून उडणारा छोटा ऑप्टिकल स्लेव्ह त्याला जोडायचा. रेडिओ रिसीव्हर जोडणार असाल तर त्याला किती व्होल्ट सोसतात ते त्याच्या पुस्तिकेत आधी पाहा.

खूप वर्षं बंद होता. सेल घातले आणि शिट्टी येते, पण दिवा लागायला फार वेळ लागतो. बिघडलाय का?

बहुतेक वेळा नाही. आतला मोठा कपॅसिटर वर्षानुवर्षं पडून राहिला की सुस्तावतो. ताजे सेल घाला, दिवा लागला की लगेच न उडवता थोडा वेळ चालू ठेवा, मग पूर्ण ताकदीने उडवा. मध्ये थोडी विश्रांती देत असं काही वेळा केलं की चार्ज होण्याचा वेळ बऱ्याचदा कमी होतो. जळका वास आला, फ्लॅश गरम झाला किंवा आत फुगल्यासारखं दिसलं तर तिथेच थांबा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. स्क्रू काढून आत बघू नका. सेल काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास विद्युतभार शिल्लक असू शकतो आणि तो झटका जिवावर बेतू शकतो.

जुन्या फ्लॅशवर टीटीएल लिहिलंय, तरी फोटो पांढराफटक का येतो?

टीटीएल म्हणजे लेन्समधून आत आलेला उजेड मोजून फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणं. फिल्मच्या काळातलं टीटीएल फिल्मच्या पृष्ठभागावरून परतणारा उजेड फ्लॅश चालू असतानाच मोजायचं. सेन्सरचा पृष्ठभाग वेगळा, चकचकीत, म्हणून ती पद्धत डिजिटलमध्ये टिकली नाही. आता कॅमेरा आधी एक छोटा पूर्व-फ्लॅश सोडून अंदाज घेतो. कॅननचं ई-टीटीएल १९९५ मध्ये आलं, निकॉनचं आय-टीटीएल २००३ मध्ये. त्याआधीच्या फ्लॅशना ही भाषा कळत नाही. कॅननचा ४३०ईझेड किंवा ५४०ईझेड डिजिटल बॉडीवर फक्त मॅन्युअलमध्ये कामाचा, तर निकॉनचा एसबी-२८ टीटीएलवर ठेवून डी४० वर लावला तर शटरच लॉक होतं.

पण एसबी-२८ वर ‘ए’ मोड आहे, तो व्हिव्हिटारवरही आहे, आणि नवशिक्यासाठी तो वरदान आहे असं मी मनापासून मानतो. फ्लॅशच्या पुढच्या बाजूला एक बारीक डोळा असतो. तो परत येणारा उजेड स्वतः मोजतो आणि पुरेसा झाला की थायरिस्टर सर्किट फ्लॅश तोडतं. कॅमेऱ्याशी बोलण्याची गरजच नाही. फ्लॅशवर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० आणि अ‍ॅपर्चर (लेन्स किती उघडते तो आकडा) एफ ५.६ ठेवा, कॅमेरा ‘एम’ मोडवर घेऊन तेच आकडे घाला, शटर १/१२५, झालं. फ्लॅशचं डोकं छताकडे वळवलं तरी तो डोळा माणसाकडेच पाहत असतो, त्यामुळे बाउन्समध्येही, म्हणजे उजेड छतावर किंवा भिंतीवर आपटवून घेतानाही, हिशोब चुकत नाही.

नव्या फ्लॅशची ताकद जास्त असते ना?

ही समजूत काढून टाका. फ्लॅशची ताकद गाइड नंबरने सांगतात. गाइड नंबरला अंतराने भागलं की अ‍ॅपर्चर मिळतं. आयएसओ १०० ला गाइड नंबर ३६ असेल तर ९ मीटरवरच्या माणसाला एफ ४ लागतो. १९९७ च्या निकॉन एसबी-२८ चा गाइड नंबर ३५ मिमी झूमला ३६ आहे आणि २०१० च्या एसबी-७०० चा २८. म्हणजे जुनाच जास्त ताकदवान.

जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यांकडे नीट पाहा. गोडॉक्स टीटी६०० चा ६० हा आकडा डोकं २०० मिमीला झूम केल्यावरचा आहे. तेव्हा उजेड अरुंद पट्ट्यात गोळा झालेला असतो. तुलना करायची तर दोन्ही फ्लॅश एकाच झूमवर धरून करा.

नव्याचं खरं मोल दुसरीकडे आहे. आत बसवलेला २.४ गिगाहर्ट्झ रेडिओ, लिथियम बॅटरी आणि पटकन चार्ज होणं. गोडॉक्स व्ही८६०-३ पूर्ण ताकदीने उडवल्यावर दीड सेकंदात पुन्हा तयार होतो. लग्नात अक्षता पडत असताना एए सेलवरचा जुना फ्लॅश चार्ज होईपर्यंत तो क्षण गेलेला असतो. पैसे घेऊन काम करणार असाल तर नवाच घ्या, यात मला शंका नाही.

माझा कॅमेरा जुना आहे. नवा घेऊ की आधी फ्लॅश घेऊ?

तुम्ही कशाचे फोटो काढता यावर उत्तर अवलंबून आहे.

घरातले फोटो, चवथ, वाढदिवस, हळद, साखरपुडा हे असेल तर आधी फ्लॅश. २००६ चा निकॉन डी४० सहा मेगापिक्सेलचा आहे, आयएसओ ८०० च्या पुढे त्याचे फोटो खरखरीत दिसतात आणि फोकसचे बिंदू फक्त तीन. तरीही छतावरून बाउन्स केलेल्या उजेडात आयएसओ २००-४०० ला काढलेला त्याचा फोटो ८ बाय १२ इंचांच्या प्रिंटवर सुरेख दिसतो. नवा कॅमेरा घेऊन ट्यूबलाइटखाली आयएसओ ६४०० ला काढलेल्या फोटोत नॉइज कमी असेल, पण डोळ्यांखाली सावल्या आणि गालांवर हिरवट छटा तशीच राहील. ती सेन्सर काढू शकत नाही, उजेडच काढतो. २०११ च्या कॅनन ११००डी लाही हेच लागू.

पण रात्रीची जत्रा, पालखी, शिगम्याची मिरवणूक, पेडण्या-सत्तरीकडचं दशावतारी नाटक, कला अकादमीतला कार्यक्रम हे तुमचे विषय असतील तर फ्लॅशचे पैसे वाचवा आणि कॅमेरा व जास्त उघडणारी लेन्स यांवर घाला. २०१८ चा डी३५०० जुन्या डी४० पेक्षा अंधारात फारच पुढे आहे, आणि २०२३ चा कॅनन आर५० माणसाचा डोळा स्वतः शोधून फोकस धरून ठेवतो. रोमटामेळ नाचत अंगावर येत असताना हे सुख काय असतं ते वापरल्यावरच कळतं.

कॅमेऱ्यातला पॉप-अप फ्लॅश पुरत नाही का?

समोरून, सपाट, लेन्सच्या अगदी जवळून येणारा उजेड असतो तो. तेलकट कपाळं चमकतात, मागे भिंतीवर काळी सावली पडते. शिवाय नव्या कॅमेऱ्यांत तो दुबळा होत चालला आहे. निकॉन डी३३०० च्या पॉप-अपचा गाइड नंबर १२ होता, डी३४०० ला तो ७ वर आला, म्हणजे उजेड जवळपास एक तृतीयांश. निकॉन झेड३० ला तर पॉप-अप नाहीच.

नव्या कॅमेऱ्याचा हॉट शू कोणताही फ्लॅश घेतो ना?

इथे खूप जणांची निराशा होते, म्हणून नीट वाचा. कॅनन १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ यांच्या हॉट शूमधली मधली पिनच काढून टाकलेली आहे. जुना व्हिव्हिटार किंवा फक्त मधल्या पिनवर चालणारा साधा ट्रिगर यांवर उडणारच नाही. कॅननचे ईएक्स मालिकेतले फ्लॅश, उदाहरणार्थ ४३०ईएक्स-२, चालतात. दुसऱ्या कंपनीचा कॅननसाठीचा फ्लॅश असेल तर आपल्याच बॉडीवर लावून पाहूनच पैसे द्या.

आर५० ला नवा मल्टी-फंक्शन शू आहे. त्यावर नेहमीचे फ्लॅश बसवायला एडी-ई१ हा अ‍ॅडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो. २०१२ पूर्वीच्या सोनी अल्फाचा शू मिनोल्टाकडून आलेला, आकारानेच वेगळा. आणि सोनी झेडव्ही-ई१०-२ ला यांत्रिक शटर नाही, त्यामुळे फ्लॅशसोबत शटर फारच हळू ठेवावं लागतं. व्हिडिओसाठी तो छान आहे, फ्लॅशच्या फोटोंसाठी मी सुचवणार नाही. निकॉन याबाबतीत सरळ आहे. जुन्या डी४० ची आणि आजच्या झेड३० ची मधली पिन जिथल्या तिथे आहे.

चतुर्थीला गणपतीचा फोटो काढताना बाउन्स कसा करू? माटोळीच्या सावल्या येतात.

हा खास आपल्याकडचा प्रश्न. माटोळी म्हणजे मूर्तीच्या वर लाकडी चौकट, तिला बांधलेले नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजन, आंब्याचे टाळे, कांगलां. फ्लॅश सरळ वर वळवलात तर उजेड छतापर्यंत पोचायच्या आधीच माटोळीत अडकतो, आणि जो खाली येतो तो पानांवरून हिरवा होऊन येतो. मूर्तीच्या मुकुटावर फळांच्या गोल सावल्या पडतात.

फ्लॅशचं डोकं वर न वळवता मागे आणि थोडं बाजूला वळवा, तुमच्या खांद्यामागच्या भिंतीकडे. भिंत पांढरी असेल तर खिडकीतून यावा तसा मऊ उजेड बाजूने येतो आणि मूर्तीला गोलाई येते. मात्र गोव्यातल्या भिंती पुष्कळदा निळ्या, हिरव्या, गडद गुलाबी असतात आणि तो रंग उजेडात उतरतो. मग पांढरी चादर कुणाला तरी धरून उभं करा. घरात चवथीला माणसांची कमतरता नसते.

हिशोबही करून पाहा. गाइड नंबर ३६ चा फ्लॅश आयएसओ ४०० ला ७२ चं काम करतो. भिंतीपर्यंत जाऊन मूर्तीपर्यंत परत यायला उजेडाला सुमारे ५ मीटर लागले, तर ७२ भागिले ५ म्हणजे साधारण एफ १४. भिंत उजेड गिळते आणि पसरवते त्याचे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) वजा करा, एफ ७ उरतो. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सच्या एफ ५.६ ला भागतं आणि थोडं शिल्लकही राहतं.

समईचा पिवळा उजेड टिकवायचा असेल तर फ्लॅशच्या तोंडावर फिक्या नारिंगी रंगाचा जेल (पारदर्शक रंगीत कागद) लावा आणि शटर १/३० पर्यंत खाली आणा. नाहीतर समई विझल्यासारखी दिसते.

आमचं घर जुनं, कौलारू आहे. छत नाही. मग?

कौलांकडे फ्लॅश मारून उपयोग नाही. ती उंच असतात, तांबडी असतात, उजेड वरच हरवतो आणि उरलेला लाल होऊन येतो. भिंत वापरा. देवळांच्या उंच सभामंडपात आणि लाकडी छताच्या हॉलमध्येही तेच. भिंतही लांब असेल तर पांढरी छत्री आणि स्टँड घ्या. जुना मॅन्युअल फ्लॅश, रेडिओ ट्रिगर आणि छत्री यांचा संच नवशिक्याला जितकं शिकवतो तितकं दुसरं काहीच शिकवत नाही.

किनाऱ्यावर सूर्यास्ताच्या वेळी माणूस काळा येतो.

आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सूर्य पाठीशी घेऊन उभा केलेला माणूस सावलीतच असणार. आधी आकाशाला धरून एक्स्पोजर लावा, मग माणसावर फ्लॅश टाका.

इथे जुना कॅमेरा नव्याला चक्क मागे टाकतो. डी७०, डी५० आणि डी४० यांचा फ्लॅश सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात वेगवान शटर, १/५०० सेकंद आहे, नंतरच्या डी३१०० ते डी३५०० आणि कॅनन १५००डी यांचा १/२००. आकाश तेवढंच ठेवून १/२०० व एफ ८ ऐवजी १/५०० व एफ ५ वापरता आलं, तर फ्लॅशला अडीच पट कमी उजेडात भागतं. छोटा फ्लॅशही उन्हाशी झुंजू शकतो. निकॉनच्या डी३००० मालिकेत हाय-स्पीड सिंक, म्हणजे त्याहून वेगवान शटरवर फ्लॅश वापरायची सोय, नाही. कॅननच्या बॉडींवर योग्य फ्लॅश असेल तर तो मिळतो, पण त्यात फ्लॅशची ताकद खूप घटते.

घरी आल्यावर फ्लॅश आणि बॉडी किंचित ओलसर मऊ कापडाने पुसून कोरडी करा. समुद्राच्या वाऱ्यातलं मीठ हॉट शूच्या पिनांवर बसतं आणि मग फ्लॅश मध्येच उडेनासा होतो.

देवळात, चर्चमध्ये, नाटकात फ्लॅश चालतो का?

गर्भकुडीत नाही. पुष्कळ देवळांत कॅमेराच चालत नाही, पुजाऱ्यांना आधी विचारा. चर्चमध्ये मिस्स चालू असताना पाद्रींच्या परवानगीशिवाय फ्लॅश उडवू नये. दशावतारात आणि तियात्रात तर कधीच नको. अंधाराला सरावलेल्या नटाच्या डोळ्यांत तो उजेड शिरतो, आणि रंगवलेल्या चेहऱ्यावरची सगळी रंगभूषा त्यात सपाट होते.

पावसाळ्यात सामान कसं ठेवू?

जून ते सप्टेंबर आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते आणि लेन्सला बुरशी धरते. चामड्याच्या केसमध्ये, बंद लोखंडी कपाटात ठेवू नका. हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत रंग बदलणारं सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा ४० ते ५० च्या दरम्यान ठेवा. तांदळात ठेवण्याचा उपाय करू नका, त्याची भुकटी आत शिरते.

फ्लॅशमधले सेल काढून ठेवा. ओकलेल्या अल्कलाइन सेलने जितके फ्लॅश मेले असतील तितके पडून फुटले नसतील. महिन्यातून एकदा सेल घालून फ्लॅश काही वेळा उडवा, कपॅसिटरही जागा राहतो.

सेल कोणते घालू?

निकेल मेटल हायड्राइडचे, कमी सेल्फ-डिस्चार्जवाले. एनेलूप त्यातला जुना आणि भरवशाचा. त्यांचा व्होल्टेज १.२ असला तरी ते जास्त करंट देतात, म्हणून अल्कलाइनपेक्षा फ्लॅश लवकर चार्ज होतो. दिसायला एए सारखेच ३.७ व्होल्टचे लिथियम सेल मिळतात. ते फ्लॅशमध्ये घालू नका, सर्किट जळेल.

सेकंडहॅण्ड घेताना काय बघू?

फ्लॅशचं सेलचं झाकण उघडून स्प्रिंगवर हिरवट-पांढरी भुकटी आहे का पाहा. थोडी असेल तर व्हिनेगरने पुसता येते, स्प्रिंग खाल्ली गेली असेल तर सोडून द्या. ट्यूबची टोकं खूप काळी पडलीत का? पूर्ण ताकदीने उडवून दिवा पुन्हा किती सेकंदांत लागतो ते मोजा. ताज्या सेलवर दहा-बारा सेकंद जुन्या फ्लॅशला ठीक, अर्धा मिनिट लागत असेल तर नको. ‘ए’ मोडवर एकदा जवळच्या पांढऱ्या भिंतीकडे आणि एकदा लांब अंगणात उडवा. जवळचा आवाज आणि उजेड स्पष्ट कमी असायला हवा. दोन्ही सारखेच असतील तर डोळा गेलेला आहे, तो फ्लॅश फक्त मॅन्युअलच्या भावात मागा.

कॅमेऱ्यात लेन्स काढून टॉर्चच्या उजेडात बुरशीचे जाळीदार धागे शोधा, लेन्सच्याही आत. कार्ड कोणतं लागतं तेही विचारा. डी७० आणि कॅनन ३५०डी यांना कॉम्पॅक्टफ्लॅश लागतं, डी५० ला २ जीबीपर्यंतचंच साधं एसडी. डी४० मोठी एसडीएचसी कार्डं घेतो. आणि जाताना स्वतःचं कार्ड, चार चार्ज केलेले सेल आणि मल्टिमीटर पिशवीत घेऊन जा.